बेबी, लाडू कुणी संपवले?

मला संगीतातलं कळतं. आमच्या घरात असं फक्त मीच मानतो, पण कुणीतरी सुरुवात करायलाच हवी.

त्या महिन्यात मी एका विनोदी अल्बमच्या नादी लागलो होतो. नामांकित पॉप गायकांची त्यात सालटी काढली होती. एक गाण्याआधी स्वतःचंच नाव पुकारतो (विसरत असावा), दुसरा नाकात गातो आणि तिसरा दर ओळीला ‘बेबी’ म्हणत असा विव्हळतो, की त्याला उचलून दवाखान्यात न्यावंसं वाटतं. शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात, गाडीत, अंघोळीला मी तेच लावायचो आणि वर सोबत गायचो.

"असल्या गाण्याला हसायला कान तयार लागतो," मी बायकोला म्हणालो.

"आणि तुमचं ऐकायला बहिरा," सुनंदा म्हणाली.

अशात आमच्या मृणालला कागलचं स्थळ आलं. मुलगा पसंत, मुलगी राजी. घोडं अडलं होतं मुलाच्या आत्यापाशी. त्या घरात या अक्कांनी हो म्हटल्याशिवाय दूधसुद्धा उतू जात नाही. अक्कांचं नाव बेबी. (आमच्याकडे दर दोन घरांमागे सत्तरीची एक बेबी असतेच!)

बेबीअक्का घर बघायला आल्या. लाडवाचं कौतुक करत करत त्यांनी ताट रिकामं केलं, त्यावर फ्रीजमधली पाण्याची बाटली संपवली. आम्हा जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत, म्हणून त्यांना वेळेत कागलला पोचवायला मी गाडी काढली.

"बाबा, वाटेत काही बोलू नका," मृणाल हळूच म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

मी एक शब्द बोललो नाही. गाडीच बोलली. खिशातला मोबाइल तिला आपोआप जोडला गेला आणि सूर उमटले, ‘बेबी... ओ बेबी...’

अक्का सावरून बसल्या. "कोण हाक मारतंय?"

"गाणं हाय, अक्का."

‘बेबी, तू आलीस... आणि लाडू संपले...’

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढच्या ट्रककडे बघितलं. खरा पॉप गायक विरहात चांदण्या मोजतो, नक्कल करणारे डबे मोजतात. एरवी या जागी मी पोट धरून हसतो! घाईघाईने पडद्यावर बोट दाबलं, तर आवाज वाढला.

‘रिकामी बाटली... फ्रीजमध्ये का ठेवलीस, बेबी...’

"ह्ये गाणं कवा केलासा?" अक्कांनी विचारलं.

"मी न्हाई केलं, अक्का."

"मग बाटली म्या दुपारी संपिवली, ती सांजच्याला गाण्यात कशी आली?"

गाडी थांबवावी तर सूर्य खाली चाललेला. मृणालचं लग्न मला डोळ्यांदेखत मोडताना दिसत होतं. शेवटी सगळं सांगून टाकलं. "ही नक्कल हाय, अक्का. मोठ्या गायकांची टिंगल केल्या."

"ज्याची केल्या, त्यो मूळचा लावा की."

मी मूळचं गाणं लावलं. तो गायकही बेबी बेबी करत अख्खं गाणं कण्हला. अक्कांनी शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकलं.

"ही नक्कल काय जमली न्हाय. पयल्याला लाडवाचं दुःख हुतं. ह्येला कशाचं हाय, त्येच कळंना. पयलंच लावा."

कागलपर्यंत तेच गाणं वाजत राहिलं. अक्का मान डोलावत होत्या. घरासमोर उतरताना म्हणाल्या, "पोरगी आमची झाली म्हना. पर साखरपुड्याला तुमी गायाचं. तुमी गाताय म्हनून पोरगी सांगत हुती."

असा मान मला जन्मात मिळाला नव्हता. साखरपुड्यापर्यंत मी आंबट तोंडात घातलं नाही. त्या दिवशी डोळे मिटून, अगदी स्वतःच्या आवाजात, लेकीच्या पाठवणीचं गाणं म्हटलं. शेवटची ओळ दोनदा घेतली. डोळे उघडले, तर सगळं कार्यालय हसून लोळत होतं आणि अक्का पदराने डोळे पुसत होत्या.

"त्या गाडीतल्यापेक्षा भारी केलासा की! ही नक्कल कुणाची म्हनायची?"

लांबून मृणालने मला हात जोडले. मग मी त्या नाकात गाणाऱ्या गायकाचं नाव सांगून मोकळा झालो. हल्ली त्याची कुणी टिंगल केलेली मला खपत नाही.