ग्रॅमसाहेबांची पिशवी

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चष्म्याचं दुकान चालवतात. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या जुन्या फ्रेमला नावं ठेवायची, मग ती निवडणाऱ्याच्या अकलेला, आणि माणूस पुरता खजील झाला की सगळ्यात महागडी फ्रेम त्याच्या गळ्यात मारायची, ही त्यांची धंद्याची रीत. घरीही तेच. गेली कित्येक वर्षं ताईला स्वतःच्या मनाने साधा पडद्याचा रंग निवडता आलेला नाही.

पन्नाशीला टेकल्यावर या गृहस्थांना सायकलचं वेड लागलं. चार माणसांसारखी नुसती सायकल चालवतील तर ते भावोजी कसले? सामान सायकललाच बांधायचं, घाट ओलांडायचे, पलीकडे तंबू ठोकून झोपायचं आणि याला बाइकपॅकिंग म्हणायचं. चुकून कुणी 'सहल' म्हटलं तर त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होतो. सामान हलकं हवं म्हणून त्यांनी टूथब्रशचा दांडा करवतीने कापला. नकाशाच्या कोऱ्या कडा कातरल्या. शर्टांच्या कॉलरमधली लेबलं उसवली, म्हणजे ताईला उसवायला लावली. पोटाचा घेर मात्र या हिशेबात कधी धरला नाही. मित्रमंडळी त्यांना ग्रॅमसाहेब म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणतात अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

या वेळी आम्ही तिघं होतो. भावोजी, मी आणि त्यांचे शाळेपासूनचे मित्र, चित्रकलेचे मास्तर. मला ताईने पाठवलं होतं, कारण नवऱ्याला पंक्चर काढता येत नाही हे तिला ठाऊक होतं. मास्तरांची गोष्ट वेगळी होती. त्यांना मधुमेह होता, इन्सुलिन चालू होतं, आणि मागे एकदा रस्त्यात शुगर उतरून पडल्यापासून घरच्यांनी त्यांची सायकल माळ्यावर चढवली होती. ती खाली उतरली ती केवळ भावोजींच्या शब्दावर. "वहिनी, मास्तर माझी जबाबदारी," असं छातीवर हात ठेवून ते म्हणाले होते. ही एक फेरी धडपणे पार पडली तर सायकल खालीच राहणार होती, नाहीतर कायमची वर. मास्तर निघायच्या आधीपासूनच शहाण्या मुलासारखे वागत होते.

सकाळी घाटाच्या पायथ्याशी ग्रॅमसाहेबांनी खिशातून आकड्याचा वजनकाटा काढला आणि आमच्या पिशव्या एकेक करून लटकावल्या. माझ्या पिशवीतून जाड टॉवेल बाद झाला. मास्तरांच्या पिशवीतून ग्लुकोजचा डबा, गोळ्यांची पाकिटं आणि फळांच्या रसाचे खोके निघाले.

"हे काय, किराणा दुकान टाकणार आहेस?" भावोजी म्हणाले.

"असू दे रे. लागलं तर."

"दोन घाटांच्या मध्ये चांगलं दुकान आहे. तिथे काय पाहिजे ते खा. हे ओझं घेऊन चढलास तर दम लागेल, आणि दम लागला की परत वहिनी माझ्या नावाने बोटं मोडणार."

"भावोजी, ते राहू द्या," मी म्हटलं.

"तुला चढाईतलं काय कळतं?" त्यांनी मला झटकलं.

मास्तर हसले आणि त्यांनी सगळं मुकाट्याने, सायकली जिच्यातून आणल्या होत्या त्या माझ्या गाडीत ठेवलं. ओझं ठरायची त्यांना भीती वाटत होती. मीही पुढे हुज्जत घातली नाही. गाडी तिथेच सोडून आम्ही निघालो.

पहिला घाट बरा गेला. रस्ता मोकळा, हवा थंड, आणि मास्तर तर शीळ घालत चढत होते. भावोजी मात्र दर दोन वळणांनी "टायर बघून येतो" म्हणून मागे राहायचे आणि मिशी पुसत परत यायचे. टायर बघून मिशी ओली कशी होते हा प्रश्न मला पडला होता, पण या माणसाबद्दल पडलेल्या सगळ्याच प्रश्नांची उत्तरं शोधत बसलो तर आयुष्य पुरायचं नाही. वर पोचल्यावर माझ्याजवळची केळी आणि ब्रेड आम्ही संपवला. भावोजींनी त्यातही मोठा वाटा उचलला आणि कमी खाण्याचे फायदे सांगितले.

उतारावरचं चांगलं दुकान बंद होतं. शटरवर धूळ होती आणि कुलूप गंजलेलं होतं.

"रविवार असेल," भावोजी म्हणाले. वार बुधवार होता.

"मागे फिरू या," मी म्हटलं.

"मागे पण घाटच आहे, पुढे पण घाटच आहे. मास्तर, तुला कसं वाटतंय?"

"एकदम छान," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते ते?

दुसऱ्या चढावर मास्तरांची शीळ थांबली. मग त्यांची सायकल रस्त्याच्या मधे यायला लागली. मी हाक मारली तर "वर्ग भरला का?" असं काहीतरी बोलले. त्यांना धरून खाली बसवलं तेव्हा त्यांचा शर्ट घामाने चिंब होता आणि हात थंडगार. बोटं थरथरत होती. शुगर उतरली होती, हे सांगायला डॉक्टर नको होता. मी माझी पिशवी उलटी केली. पाना, ट्यूब, मोजे. गोड म्हणावं असं काही नाही. रस्त्यावर गाडी नाही, फोनला रेंज नाही.

"भावोजी, तुमच्याकडे काही आहे का?"

"माझ्याकडे?" ते म्हणाले. "माझ्याकडे काय असणार?"

असं म्हणताना त्यांनी आपल्या सीटमागच्या पिशवीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे, आणि पुन्हा पिशवीकडे. "मी असं करतो," ते म्हणाले, "पुढे जाऊन गाडी मिळते का बघतो." आणि सायकलवर टांग टाकली.

मी सीट मागून धरली आणि पिशवीची चेन ओढली. आतून आटवलेल्या दुधाच्या ट्यूबा निघाल्या, एक अर्धी पिळलेली. चॉकलेटच्या लाद्या निघाल्या. क्रीमची बिस्किटं निघाली. तळाशी हवा न भरायची, चांगली कापसाची उशी होती. टूथब्रश कापणाऱ्या माणसाची उशी.

शिवी द्यायलाही वेळ नव्हता. मास्तरांना गिळता येत होतं हे नशीब. ट्यूब थोडी थोडी त्यांच्या तोंडात पिळली, मग चॉकलेट, मग बिस्किटं. हळूहळू थरथर थांबली. चेहऱ्यावर रंग आला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने बिस्किट उचललं.

एवढ्यात ग्रॅमसाहेबांना कंठ फुटला. "आणीबाणीसाठीच ठेवलं होतं," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "सगळ्यांचा विचार एकाला करावा लागतो. मी नसतो तर आज काय झालं असतं?" डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. खरं पाणी. एवढ्या वेळात या माणसाने स्वतःला पटवलंसुद्धा होतं. आता ही कथा दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवली जाणार, हे मला दिसत होतं, आणि माझ्या बहिणीने जन्म कुणाबरोबर काढला याची मला किळस आली.

मास्तरांनी बिस्किट संपवलं, हात झटकले.

"मला बोलता येत नव्हतं," ते म्हणाले. "दिसत होतं."

"काय दिसत होतं?" भावोजींचा आवाज उतरला. "अरे, मी घाबरलो होतो. सुचलं नाही मला."

"घाबरला असतास तर माझ्याकडे बघितलं असतंस," मास्तर म्हणाले. "तू पिशवीकडे बघत होतास."

मास्तर उठले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी सायकल हातात धरली आणि आल्या वाटेने परत, माळ्याच्या दिशेने, चालायला लागले.