अर्धा समुद्र

बेटांच्या सफरीसाठी जहाजातली केबिन निवडत होतो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, बाल्कनीची घ्या. बेटं बघताना मध्ये काही येत नाही."

मला एकदम पोकळ वाटलं. प्रवासात खिडकी कायम माझ्या बायकोची. घाट, खाड्या, माडांच्या रांगा, सगळं मी तिच्या अंबाड्याच्या आडून पाहिलं. कुरकुरलो की ती जरा मागे रेलायची, "बघा, दिसतंय?" आणि लगेच पुन्हा पुढे वाकायची. ती गेल्यानंतरचा हा पहिलाच प्रवास.

"ही कशी आहे?" मी नकाशातल्या एका केबिनवर बोट ठेवलं.

"ती नको. खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते, अर्धाच समुद्र दिसतो."

"तीच द्या," मी म्हटलं. "मला तेवढाच बघायची सवय आहे."