दुरून दिसणारी चौकट

केशोरी गावातल्या रंगाच्या दुकानात एक बाई माझ्या शेजारी उभी होती. दुकानदार भिंतीला आणि दाराच्या चौकटीला एकच मंद बदामी रंग सुचवत होता. तिने मात्र निळ्या नमुन्यावर पिवळा ठेवला, मागे सरकली आणि डोळे किलकिले करून पाहिलं.

"भाऊ, दुरून दिसते ना?" तिने मला विचारलं.

"लख्ख दिसते. पण इतका भडक कायले?"

"आमच्या बुढ्याले आता धुरकट दिसते. दार सापडत नाही. माहा हात धरून घरात शिराले लाज वाटते त्याले."

पुढच्या महिन्यात गावातल्या एका गल्लीत ती पुन्हा दिसली. अंगणात धान वाळवत होती. निळ्या भिंतीतल्या पिवळ्या चौकटीतून तिचा म्हातारा न चाचपडता, ताठ मानेने आत गेला. तिने मुद्दामच वर पाहिलं नाही.