ढब्बूच्या पोटावरचे चट्टे

कुत्र्यांना आंघोळ घालायची, त्यांचे केस कापायचे, हा तिचा धंदा. लोक तिला कातरवाली म्हणत. तोंडही तसंच चालतं, असं पाठीमागे म्हणत. नवरा गेल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीत टब बसवला, तेव्हापासून थोरली नणंद तिला पाण्यात पाहायची. "आमच्या घरची सून कुत्री धुते," असं भेटेल त्याला सांगायची आणि स्वतःचा कुत्रा ढब्बू मात्र दर महिन्याला धुवायला हिच्याकडेच आणून सोडायची.

एका सकाळी नणंद भांडायच्या तयारीनेच आली. दोन गिऱ्हाइकं बसली होती. तिने ढब्बूला टेबलावर उताणं केलं.

"बघा हो, हिच्या साबणाने काय केलंय माझ्या लेकराचं!"

पोट लालभडक झालेलं, जांघेतले केस गेलेले. कातरवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वन्सं, साबण मी पाठीपासून लावते. पाठीवरचा एक केस तरी गेलाय का?"

"माझ्या भावाच्या पुण्याईवर जगतेस आणि तोंड वर करून बोलतेस?"

एक बाई आपलं कुत्रं उचलून गुपचूप निघून गेली. ते मात्र कातरवालीला झोंबलं. तिने अॅप्रन काढून खुंटीला लावला.

"चला डॉक्टरकडे. दोष माझा निघाला तर टब भंगारात देईन. तुमचा निघाला तर याच खोलीत येऊन सांगायचं."

डॉक्टरीण तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिने पिसवा शोधल्या, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे किडे नव्हते, बुरशीही नव्हती. खाणं बदललं का, विचारलं. नाही.

"ग्रंथी बिघडल्या तरी केस जातात," ती म्हणाली, "पण त्यात सहसा इतकी खाज नसते. हा तर पंजे चावून काढतोय. जिथे जमीन लागते तिथेच त्रास आहे. फरशी कशाने पुसता?"

नणंद ढब्बूचा पट्टा नीट करू लागली.

"बोला की, वन्सं."

"ते निळं औषध. वास टिकावा म्हणून पाणी घालत नाही."

कातरवालीला हसू यायला हवं होतं. पण तिने ढब्बूचा पंजा उलटून पाहिला. बोटांमधली कातडी ओली, सोललेली होती. एवढ्या वेदनेत तो तिच्या टेबलावर निमूट पडला होता.

"घर चकचकीत ठेवण्यापायी मुक्या जिवाला भाजलंत," ती म्हणाली.

"भाजलं नाही हं मी!" नणंद किंचाळली आणि मलमाची चिठ्ठी हिसकावून निघून गेली.

कबुली द्यायला ती कधीच आली नाही. उलट, साबणाने गेलेलं डॉक्टरांनी सावरलं, असंच गावभर सांगत राहिली. कातरवालीची तीन गिऱ्हाइकं तुटली, ती तुटलीच.

दोन महिन्यांनी रस्त्यात गाठ पडली. ढब्बूने पट्ट्याला हिसका देऊन तिच्याकडे धाव घेतली. तिने खाली बसून त्याचं पोट चाचपलं. मऊ लव आली होती.

"साध्या पाण्याने पुसता ना आता?"

"मला शिकवू नकोस," नणंद म्हणाली आणि पट्टा ओढला. मग चार पावलं गेल्यावर, मागे न बघता, "हो," म्हणाली.