उघडलं की झाक

सोनालीला बघायला येरमाळ्याचे पाहुणे आले होते, ती गोष्ट तेरखेड्यात अजून चवीनं सांगतात. सोनाली पोह्यांचं पातेलं घेऊन बाहेर आली. मुलाच्या आजोबांना डावभर वाढले आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. मग झाकण काढून मुलाच्या वडिलांना वाढले आणि परत झाकण ठेवलं. असं करत करत ती मुलापर्यंत पोचली तोवर आजोबांची ताटली रिकामी होऊन ते दुसऱ्यांदा मागत होते. स्थळ काही जमलं नाही. मागाहून निरोप आला, मुलगी गुणाची आहे, पण हात जरा आखडता दिसतोय. हात आखडता कसला, डोंबल. त्या पोरीला उघडं झाकण बघवत नाही, एवढीच काय ती भानगड.

आणि यात तिचा दोष म्हणावा तर तोही नाही. तिचे वडील उत्तरेश्वर, म्हणजे घरातले आप्पा, गावाबाहेरच्या माळावर फटाक्यांच्या एका कारखान्यात मुख्य कारागीर. तिथला कायदा एका ओळीचा. बारुदीचा डबा उघडायचा, लागेल तेवढी घ्यायची, झाकण लावायचं, आणि मगच दुसऱ्या डब्याकडे बघायचं. दोन डबे एकदम उघडे दिसले की उत्तरेश्वर समोरच्याची सात पिढ्यांची चौकशी करत. तोच कायदा घरी आला. ‘उघडलं की झाक’ हे सोनाली शुभंकरोतीच्या आधी शिकली. तेलाची बाटली, पेनाचं टोपण, कपाटाचं दार, काही म्हणून उघडं राहायचं नाही. आई तुळजाबाई चुलीशी वैतागून जाई.

“आगं, आजून मीठ टाकायचंय मला. झाकलंस बी?”

जित्याची खोड, ती अशी जाते होय? सोनाली धाराशिवला इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, तरी तिथल्या खोलीतल्या मैत्रिणींच्या लोणच्याच्या बरण्या हीच झाकत फिरायची. दोन वर्षांनी तिनं कंपनीकडून घरून काम करायची परवानगी मिळवली आणि तेरखेड्याला परत आली. लोक विचारत, तेव्हा ती सांगे की पुण्यात करमत नाही. ते खरंच होतं. पण खरं त्याहून थोडं जास्त होतं. आप्पा दिवसभर बारुदीपाशी आणि आपण एवढ्या लांब, हे तिच्या जिवाला सोसत नव्हतं. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली, आप्पा आत आले, की तिचा दिवस संपे. हे ती कुणाजवळ बोलत नसे.

तिची कंपनी शेतकऱ्यांना हवामान सांगायची. रानारानात छोटी यंत्रं बसवलेली. प्रत्येक यंत्राची सर्व्हरवर एक फाइल, तिच्यात त्या रानातला वारा, दमटपणा, पाऊस आणि पुढच्या काही तासांचा अंदाज, सगळं उतरत राहायचं. शेतकऱ्यानं मोबाईलवरच्या ॲपमध्ये आपलं गाव दाबलं की त्या फाइलमधून वाचून त्याला उत्तर मिळायचं. हे वाचायचं काम जो कोड करतो तो सोनालीनं लिहिलेला. अशा कोडाला लायब्ररी म्हणतात. एकानं एकदा नीट लिहून ठेवायचं, बाकीच्या प्रोग्रामांनी वापरत राहायचं.

ती लायब्ररी सोनालीनं कशी लिहिली असेल, हे आता मी सांगायला नको. फाइल उघड, एक ओळ वाच, फाइल बंद कर. पुन्हा कुणी मागितली, पुन्हा उघड, वाच, बंद कर.

यंत्रं थोडी होती तोवर कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण पाहता पाहता यंत्रं वाढली, माणसं वाढली, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत जो तो सकाळी उठून पाऊस विचारायला लागला. झालं. ॲपमधलं ते गोल चाक फिरायचं ते फिरतच राहायचं. शेतकरी तेवढ्यात चहा पिऊन, तंबाखू मळून यायचा, तरी चाक फिरतंच. कारण फाइल उघडणं म्हणजे वाटतं तेवढं सोपं काम नाही. कॉम्प्युटर ती आधी शोधतो, बघायची परवानगी आहे का ते तपासतो आणि मग प्रोग्रामच्या हाती तिची मूठ देतो. तिला हँडल म्हणतात. हँडल हातात असेल तोवर मनाला येईल तेव्हा वाचा. सोनालीची लायब्ररी मात्र मिळालेलं हँडल लगेच टाकून द्यायची आणि पुढच्या क्षणी त्याच फाइलीसाठी पुन्हा रांगेत उभी राहायची.

तिच्या टीमचा प्रमुख अमरनाथ, मूळचा कर्नाटकच्या सीमेजवळच्या मुरुमचा. पुण्यात घर केलेला, पण चिडला की अजून तोंडात कानडी येई. त्यानं फोनवर सरळ सांगितलं. सोमवारी मालक वेगाची परीक्षा घेणार. लायब्ररी नापास झाली तर बाजारात मिळते तसली तयार लायब्ररी घ्यायची, आणि ती सांभाळणाऱ्यांनी पुण्याच्या ऑफिसात बसायचं. म्हणजे सोनालीनं बॅग भरायची.

“फायली बंद कशाला करतेस तू? हँडल जवळ ठेव. कॅशे कर,” अमरनाथ म्हणाला. कॅशे म्हणजे पुन्हा लागणारी वस्तू हाताशी ठेवणं.

“म्हणजे उघड्याच ठेवू, सर? सगळ्या?”

“अय्यो, फायली आहेत त्या. पेट घेत नाहीत.”

पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातं, असं सोनाली मनात म्हणाली. पण बॅग डोळ्यांपुढे होती. तिनं दात आवळून सगळ्या फायली उघड्या ठेवल्या. ॲप जे सुटलं ते वाऱ्यासारखं. आणि थोड्या वेळात जे आडवं पडलं ते उठेचना. एका प्रोग्रामनं एका वेळी किती फायली उघड्या ठेवायच्या याला कॉम्प्युटरची मर्यादा असते, ती ओलांडली होती. खोटं कशाला बोला, सोनालीला आतून जरा बरंच वाटलं. म्हटलं नव्हतं मी? पण नुसतं बरं वाटून पुण्याची बॅग टळत नाही, हेही तिला कळत होतं.

एक अख्खा दिवस ती फुगून बसली. तुळजाबाईंनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी तिचं तिलाच सुचलं, की सगळ्या झाकणं आणि सगळ्या उघड्या टाकणं यांच्या मध्ये बरीच जागा आहे. ठरावीक फायली उघड्या ठेवायच्या. ती जागा भरली आणि नवी फाइल लागली, की ज्या फाइलीला सगळ्यात जास्त वेळ कुणी विचारलेलं नाही, ती बंद करायची. लोकांना उघडायचा कोड लिहायला हुरूप येतो, हिला झाकायचा लिहायला आला. कुठली फाइल कधी बंद करायची ते तिनं असं काही निगुतीनं लिहिलं, की अमरनाथनं वाचून फक्त एक अंगठा पाठवला. अमरनाथचा अंगठा मिळणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

बुधवारी नवी लायब्ररी चालू झाली. चाक फिरायच्या आत उत्तर. तुळजाबाईंनी शेंगापोळ्या केल्या. आप्पांनी चौथी पोळी घेताना मोबाईल पुढं धरून ॲप दाबून बघितलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं.

“लई चपळ झालंय की गं,” ते म्हणाले. बाकी ती राहणार की जाणार, यावर त्या माणसानं अवाक्षर काढलं नव्हतं.

आप्पांना ॲपची गरज शेतकऱ्याहून जास्त. दिवाळी तोंडावर आलेली, भरलेले भुईनळे उन्हात वाळत मांडायचे असतात, आणि परतीचा पाऊस तर बेभरवशाचा. म्हणून कारखान्याशेजारच्या रानातल्या यंत्रावर त्यांचा डोळा. दर थोड्या वेळानं ते ॲप उघडून बघायचे.

गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला.

“सोने, तुझं ॲप म्हणतंय, लख्ख ऊन हाय.”

“मग बरं हाय की, आप्पा.”

“आन म्या चिंब भिजून हुबा हाय.”

आप्पा रागात नव्हते, तेच वाईट होतं. ते समजावून सांगत होते. “आभाळ भरून आलेलं मला दिसत हुतं गं. गडी म्हणाले, उचलू का. म्या म्हणालो, थांबा, पोरीचं ॲप पाऊस न्हाय म्हणतंय. लेकीनं केल्यालं खोटं कसं बोलंल? पुढची एक रांग भिजली. बाकीचं उचललं पळापळ करून.”

आभाळ डोळ्यांनी दिसत असताना त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला होता. फोन ठेवल्यावर सोनालीला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं. मग तोंड धुऊन ती कॉम्प्युटरपुढं बसली आणि चूक सापडेपर्यंत उठली नाही.

चूक अशी होती. रोज पहाटे सर्व्हरवरची कालची फाइल उचलली जाते आणि तिच्या जागी त्याच नावाची नवी कोरी फाइल ठेवली जाते. पूर्वी लायब्ररी दरवेळी नव्यानं उघडायची, त्यामुळं आपसूक नवीच हाती यायची. आता जिचं हँडल धरून ठेवलंय ती फाइल जागेवरून काढून टाकली, तरी हँडल तिलाच धरून राहतं. वाचणाऱ्याला पत्ताच नाही, तो आपला कालचं ऊन वाचतोय. ज्या गावांना कुणी फारसं विचारत नव्हतं, त्यांच्या फायली मधे बंद होऊन पुन्हा उघडत होत्या, तिथं सगळं बरोबर. आप्पांच्या कारखान्याजवळची फाइल मात्र एकदाही बंद झाली नव्हती. कारण आप्पा तिला सारखं विचारत होते. ज्यानं सगळ्यात जास्त भरवसा ठेवला, नेमका तोच फसला.

तिनं अमरनाथला फोन लावून सगळं सांगितलं.

“दुरुस्त करायचं तर दरवेळी एक तपासणी वाढणार,” अमरनाथ म्हणाला. “वेग कमी होईल. सोमवारी नुसता वेग मोजणार आहेत, ही चूक दिसणारसुद्धा नाही. परीक्षा होऊ दे, मंगळवारी कर.”

“सर, माझा बाप भिजला त्याच्यात.”



“आमचे वडीलही मुरुमात तेच बघतात,” अमरनाथ म्हणाला. “दिवसभर बघतात. सोयाबीन काढून रानात टाकलंय त्यांनी. आत्ताच कर दुरुस्त. हळू झालं तर मालकांपुढं मी उभा राहतो.”

मालकांपुढं कुणीही उभं राहिलं तरी बॅग सोनालीचीच भरणार होती. तरी तिनं दुरुस्ती केली. कॉम्प्युटर प्रत्येक फाइलीला आतून एक नंबर देत असतो. नाव तेच ठेवलं तरी नव्या फाइलीचा नंबर वेगळा. आता हँडल वापरायच्या आधी लायब्ररी एक नजर टाकायची, की जागेवरचा नंबर आणि हातातला नंबर एकच आहे ना. नसला तर जुनी बंद करायची आणि नवी उघडायची. नजर टाकायला वेळ लागतो, थोडा का होईना लागतोच. शनिवारी मोजलं तेव्हा वेग उतरला होता. रविवारी तिनं इकडचं तिकडं करून त्यातला थोडा परत मिळवला. देवापुढं मात्र बसली नाही. तिच्या वाटचं ते काम घरात दुसरं कुणीतरी करत होतं, पण ते तिला ठाऊक नव्हतं.

सोमवारी लायब्ररी पास झाली. अगदी काठावर, पण पास म्हणजे पास. अमरनाथनं फोन करून सांगितलं आणि वर म्हणाला, “राहा आता तेरखेड्यात, झाकणं लावत.”

संध्याकाळी फाटकाची कडी वाजली. आप्पा ओट्यावर टेकले न टेकले तोच सोनालीनं बातमी सांगितली. तुळजाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

“येडाईला नवस बोलले हुते म्या,” त्या म्हणाल्या. “पोरगी माझ्यापाशी ऱ्हाऊ दे म्हनून. आता नारळ फोडाया जायला पायजे येरमाळ्याला.”

आप्पा खाली बघून पायाची बोटं चोळत बसले होते.

“नवस म्या बी बोललो हुतो,” ते म्हणाले.

“तुमी? कवा?”

“त्या परीक्षेचं कळलं तवाच. पोरगी पुण्याला जाऊ दे म्हनून.”

तुळजाबाईंचा डोळ्याला लावलेला पदर तसाच हातात राहिला.

“हितं काय हाय तिला?” आप्पा म्हणाले. “बारूद आन धूर. हितनं भाईर पडावी म्हनून तर शिकवलं.”

“अवो, एकाच देवीला नवऱ्यानं एक मागायचं आन बायकोनं दुसरं. तिनं करावं तरी काय?”

“केलं की तिनं. तुझं ऐकलं, माझं न्हाय.” आप्पा हसले, पण सोनालीकडे बघेनात. “उद्याच जाऊ येरमाळ्याला. दोन नारळ घे. एक माझा.”

“तुमचा कशाला? तुमचा नवस कुठं फळलाय?”

“फळलाय,” आप्पा म्हणाले. “बापानं पोरीला धरून ठेवायचं मागू नये, म्हनून तोंडानं दुसरं मागितलं. देवीला मनातलं कळलं.”

सोनाली त्यांच्याशेजारी ओट्यावर जाऊन बसली. मग तुळजाबाई उठल्या आणि शेजारच्या दुकानातून दोन नारळ आणायला गेल्या.