तिसऱ्या बाकावरून दिसणारं इंग्लंड

गेल्या आठवड्यात एका प्रश्नानं माझी झोप घालवली. विचारणारी सहा वर्षांची, माझी मुलगी जुई. शाळेच्या रिक्षातून उतरली, दप्तर सोफ्यावर फेकलं आणि म्हणाली, "आई, आपण कोण आहोत?"

प्रश्न मुळात रिक्षातल्या रेवाचा. जुई आष्टीला मामाच्या घरी गेली की आजोबांचं बोट धरून बुद्धविहारात जाते आणि टेंभुर्णीला गेली की आजीबरोबर महालक्ष्म्यांसमोर रांगोळी काढते. हे तिनं रिक्षात मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. रेवाचं म्हणणं, असं दोन-दोन नसतं, एकच असतं. घरून विचारून ये.

मी माहेरची बौद्ध, नवरा टेंभुर्णीच्या मराठा शेतकरी घरातला. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या मोठ्यांनी हाच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत विचारला होता आणि तेव्हा माझ्याकडे उत्तरं तयार असायची. आता पोरीला मी म्हणाले, "उद्या सांगते."

वर माझं काम काय, तर जालन्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवणं. आणि सध्या चालू असलेला भाग कोणता, तर सोळाव्या-सतराव्या शतकातले इंग्रज स्वतःला कोण समजत होते!

शिकवणाऱ्याकडे किस्से हे स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे वाढतात. कुठून आले आठवत नाही आणि टाकवत तर नाहीतच. पण त्या आठवड्यातले मला नीट आठवतात, कारण प्रत्येक तासाला मी मनातल्या मनात जुईसाठी उत्तर शोधत होते.

*

सुरुवात अर्थात धर्माच्या उलथापालथीपासून. बारा वर्षांत गादीवर चार माणसं आली. एकाच्या राज्यात चर्चमधल्या मूर्ती काढल्या, भिंतीवरची चित्रं पुसून भिंती पांढऱ्या केल्या. पुढच्या राणीनं मूर्ती परत बसवायला लावल्या. तिच्यानंतरच्या राणीनं त्या परत काढायला लावल्या. साधी माणसं रविवारी चर्चला जाताना काय विचार करत असतील, असं मी वर्गाला अगदी गंभीरपणे विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिसऱ्या बाकावर सोपान झोपला होता. तो एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये नाईट शिफ्ट करतो आणि तिथून थेट बाईकवर तासाला येतो, म्हणून मी त्याला उठवत नाही. त्यानं एक डोळा उघडला.

"मॅडम, रंगाऱ्याचं बराबर चाललं असंल."

आणि परत झोपला.

*

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, सापडलं! त्या काळात चर्चला न येणाऱ्याला दंड होता. तेव्हा जुन्या, मूर्तीवाल्या धर्माच्या कित्येक घरांनी युक्ती काढली. घर, जमीन नवऱ्याच्या नावावर, म्हणून नवरा दर रविवारी राणीच्या चर्चमध्ये हजर. बायको मात्र घरी राहून जुनीच प्रार्थना म्हणणार. एकच घर, एकच चूल आणि दोन श्रद्धा. हे सांगताना माझा आवाज जरा जास्तच भरून आला.

कावेरीवर काही परिणाम झाला नाही. ती परतूरकडची, घरात पिढ्यान्‌पिढ्या राजकारण. म्हणाली, त्यात काय मॅडम, आमच्याकडं दर इलेक्शनला होतंय. मोठे काका ह्या पार्टीत, धाकटे त्या पार्टीत आणि रात्री जेवायला एकाच पंगतीत. कुणी बी येवो, घरातलं काम अडत न्हाई.

मी विचारलं, "आणि तुझे वडील?"

"त्यांचं अजून ठरलं न्हाई. ते निकाल लागल्यावर सांगतेत."

*

घरी नवऱ्याला म्हटलं, तुम्हीच सांगा आता पोरीला. ते बियाण्याच्या प्लँटमध्ये आहेत आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांकडे पिशवीवरचं लेबल वाचल्यासारखं बघतात.

म्हणाले, सोपं आहे. आमच्याकडं दोन वाणांचा संकर करून जे बियाणं होतं, त्याचीच पिशवी सगळ्यात महाग असती. तसं सांग तिला.

मला क्षणभर पटलं. मग मी शेतकऱ्याच्या घरात आठ वर्षं काढल्यामुळे विचारलं की, त्याच्या पिकातलं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर काय उगवेल याची खात्री नसते ना?

ते बराच वेळ चहात बिस्कीट बुडवत राहिले. बिस्कीट पडलं.

"जुई प्रश्न विचारायला बिलकुल तुझ्यावर गेली," ते म्हणाले.

*

गुरुवारी कपड्यांचे कायदे. मखमल कुणी घालायची, रेशीम कुणी, गळ्याभोवतीची चुणीदार कॉलर किती मोठी चालेल, सगळं माणसाच्या पायरीप्रमाणे ठरलेलं. कपड्यावरून माणूस ओळखू आला पाहिजे, असा सरकारचा हट्ट. वर्ग हसत होता.

प्रज्ञा हसली नाही. वहीत लिहितालिहिताच म्हणाली, "माझ्या पणजोबाला गावातून जाताना पायतान हातात घ्यावं लागायचं. इंग्लंडवाल्यांना निदान छापून तरी दिलं होतं."

माझ्या पणजोबांचंही तेच. हा भाग शिकवायला लागून मला पाच वर्षं झाली, पण हे वाक्य मला वर्गात कधी म्हणता आलं नव्हतं. आता काहीतरी मोठं, शहाणं बोलायची माझी पाळी होती. मी खडू टेबलावर ठेवला, घसा साफ केला.

प्रज्ञानं वर बघितलं. "मॅडम, हे कितीला येईल? पाच मार्कांना का दहाला?"

*

शुक्रवारी राजाला पळवून लावलं. म्हणजे इंग्रजांनी. राजाचा धर्म पटेना, म्हणून मोठ्या लोकांनी हॉलंडहून त्याच्या जावयाला बोलावणं धाडलं. मग राजाची लेक आणि जावई दोघं मिळून गादीवर बसले. नाणी दोघांच्या नावाची, पण कारभार नवऱ्याच्या हातात.

एवढ्यावर सोपान चक्क उठून बसला. त्यांच्या गावात सरपंचपद महिलांसाठी राखीव आहे.

"नाण्यावर फोटो कुणाचा होता?"

मी म्हटलं, दोघांचा, शेजारी-शेजारी.

"मंग बराच प्रगत देश होता मॅडम. आमच्याकडं बोर्डावर नाव बाईचं अन् फोटो नवऱ्याचा."

*

शनिवार उजाडला आणि माझं "उद्या सांगते" अजून उद्यावरच होतं. जुईच्या वेण्या घालत होते. ती आरशातून म्हणाली, "आई, रेवा आज परत विचारील." तिनं सगळा आठवडा रेवाला काय सांगून टाळलं होतं, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

मी कंगवा ठेवला. तिला समोर बसवलं. आपण दोन्ही आहोत, असं सांगितलं. आष्टीच्या आजोबांचं जे आहे ते तुझं आणि टेंभुर्णीच्या आजीचं जे आहे तेही तुझं. एक धरलं म्हणून दुसरं सोडायला लागत नाही. इथं थांबायला हवं होतं. पण पुढे मी चर्चला जाणारा नवरा आणि घरी बसणारी बायको सांगितली, पुसलेली चित्रं सांगितली, लोकांना हे कळायला शंभर-दीडशे वर्षं लागली आणि तरी पुरतं कळलं नाही, हेही सांगितलं. आवाज हळूहळू कॉलेजातला झाला होता, माझ्याच लक्षात आलं.

जुईनं सगळं ऐकून घेतलं.

"पण दोन्ही म्हणजे कोण?"

मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "तसं बघायला गेलं तर..." न वाचता वर्गावर गेले की मी हेच म्हणते.

खाली रिक्षावाल्या काकांनी हॉर्न दिला. जुईनं पाण्याची बाटली गळ्यात अडकवली, बूट घातले, दारातून परत आली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राहू दे आई. मी रेवाला सांगते, आईचा हा धडा अजून झाला न्हाई."