खाली बसलेल्यांची नावं

लातूरच्या एका कला-मासिकात मी लिहायला लागले, तेव्हा संपादक मॅडमनी आधी चहा दिला आणि मग भिंतीवर चिकटवलेला कागद वाचायला सांगितला. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आभार यांतलं काहीही लिहायचं नाही. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे. 'रसिक मंत्रमुग्ध झाले' असं दिसलं की लेख परत. आपण बसलो तिथून जे दिसलं आणि ऐकू आलं, तेवढंच लिहायचं.

मी रेणापूरची, घरातली पहिली पदवीधर. कार्यक्रमाची बातमी म्हणजे पाहुण्यांची नावं, असंच वाचत मोठी झालेली. गाणारा शेवटच्या ओळीत आला तर आला. त्यामुळे तो कागद मला फार आवडला. पण त्याची परीक्षा माझ्याच गावात होईल असं वाटलं नव्हतं.

आमच्या शाळेच्या हॉलमध्ये एका गायिकेची दुपारची मैफल होती आणि प्रमुख पाहुणे होते माझे गणिताचे सर. दहावीनंतर माझं शिक्षण थांबणार होतं, तेव्हा वडिलांच्या सायकलच्या दुकानात रोज येऊन बसणारे हेच. "पोरीला लातूरला धाडा, मग मी उठतो," म्हणायचे. वडिलांनी शेवटी धाडलं.

मैफल संपून मी निघताना सर म्हणाले, "फोटो नको गं. पण नाव येऊ दे. गावात लोक वाचतेत."

मी लेखाची सुरुवातच सरांच्या नावाने केली. मॅडमनी वाचून कागद माझ्याकडे सरकवला.

"हे कोण?"

मी सगळं सांगितलं. सायकलच्या दुकानाचंही.

"मोठा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "पण पाहुणा म्हणून नाव नाही घालता येणार. आजवर आमदारांचंही घातलेलं नाही. भाषणानंतर काय केलं त्यांनी?"

मी आठवू लागले. भाषणं झाल्यावर बाकीचे पाहुणे गाडीत बसून गेले. सर खाली उतरून सतरंजीवर, तबल्याच्या बाजूला बसले. मध्येच लाइट गेली, माइक बंद पडला. मागे कुणीतरी जनरेटर सुरू केला आणि त्याच्या धडधडाटात गाणं ऐकूच येईना. सर उठले, बाहेर जाऊन जनरेटर बंद करून आले. पंखे नाहीत, माइक नाही, आणि बाई गातच होत्या. शेवटच्या रांगेतल्या बायकांनी पदराने वारा घ्यायचंही थांबवलं होतं.

"मग हे का नाही लिहिलं?"

"अडचण झाली ती. कशाला लिहायची म्हटलं."

"अगं, मैफल तीच तर होती," मॅडम म्हणाल्या आणि मला कोरे कागद दिले.

अंक घेऊन मी सरांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून पान पहिल्यापासून वाचलं.

"प्रमुख पाहुणे कुठं गेले म्हणायचं?"

"तसा नियम आहे, सर."

"आणि जनरेटर बंद करणाऱ्याचं नाव आलं."

"हो."

त्यांनी ते वाक्य परत वाचलं. मग आत हाक मारली, "अगं, ऐकलं का? पेपरात आलोय. मेकॅनिक म्हणून." सरांच्या पत्नींनी बाहेर येऊन अंक हातात घेतला आणि तो त्यांना परत दिलाच नाही.

पुढच्या कार्यक्रमाला आयोजक सरांच्या सदऱ्याला पाहुण्यांचा बिल्ला लावायला आले. सरांनी त्यांचा हात बाजूला केला आणि सतरंजीवर माझ्या शेजारी येऊन बसले.

"वर बसलं की नाव येत नाही," ते आयोजकांना म्हणाले. "हिला विचारा."